कोनशिलेचे मानकरी : १९२१ची युवराजभेट आणि पुण्याचे शिवस्मारक

पुण्याच्या शिवाजीनगर भागात, श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात, शिवछत्रपतींचा एक अश्वारूढ पुतळा उभा आहे. शिल्पकार वि. पां. करमरकर यांची ही कृती. घोड्यावर स्वार झालेल्या महाराजांची जी आकृती आज मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे येते, ती घडवण्यात या पुतळ्याचा वाटा मोठा आहे. आम्ही मराठीचे अधिव्याख्याते. पदव्युत्तर वर्गात सत्यशोधकी साहित्य शिकवताना या पुतळ्याचा उल्लेख आम्हांला दरवर्षी करावा लागतो, आणि त्याच्याबरोबर एक वाक्यही उच्चारावे लागते: या स्मारकाची कोनशिला १९ नोव्हेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या युवराजाने बसवली.

या वाक्यानंतर वर्गात थोडी चुळबुळ होते. मग कुणीतरी विचारतेच, "म्हणजे सर, ही मंडळी इंग्रजांची हस्तक होती का?" प्रश्न विचारणारा विद्यार्थी ज्या घरातून आलेला असतो, त्यानुसार त्याच्या स्वरात कधी विजय असतो, कधी दुखावलेपण. वर्गातल्या दुसऱ्या कोपऱ्यातून तेवढ्याच तत्परतेने उलट प्रश्न येतो: ज्यांनी छत्रपतींच्या वंशजाला वेदोक्ताचा अधिकार नाकारला, त्यांनी कुणाला हस्तक म्हणावे? पुढची दहा मिनिटे आम्ही शिकवत नाही, पंचगिरी करतो. या पंचगिरीचा आम्हांला कंटाळा आला आहे, आणि थोडी लाजही वाटू लागली आहे. कारण उत्तर म्हणून आम्ही जे देतो ते बहुधा दोन्ही बाजूंना शांत करणारे गुळमुळीत वाक्य असते. प्रस्तुत लेख हा त्या गुळमुळीतपणाचे प्रायश्चित्त आहे असे समजावे.

राजघराणे आणि पुणे

राजघराण्यातील व्यक्तीचे आगमन किंवा राजघराण्याचा एखादा उत्सव ही वसाहतीच्या राजवटीत केवळ शोभेची बाब नसे. कमानी कुणी उभारायच्या, मानपत्र कुणी वाचायचे, व्यासपीठावर कोणत्या रांगेत कोण बसायचे, यावरून शहरात कोण मोठा हे ठरत असे. राज्यकर्त्यालाही ते हवेच असे. म्हणून अशा प्रसंगी राजनिष्ठा आणि राजद्रोह यांच्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, स्थानिक वैरांचा हिशेब चुकता होत असे. पुण्याच्या बाबतीत १९२१च्या आधीचे असे दोन प्रसंग लक्षात घेतल्यावाचून पुढचा प्रसंग उमगत नाही.

पहिला प्रसंग १८८८चा. व्हिक्टोरिया राणीचा तिसरा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट त्या वेळी मुंबई इलाख्याच्या लष्कराचा सेनापती होता. जोतीराव फुले यांचे स्नेही हरि रावजी चिपळूणकर यांनी त्याच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. शहरातले धनिक आणि प्रतिष्ठित लोक शेले-पागोटी, दागदागिने लेवून जमले होते. जोतीराव मात्र गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले. ते गरीब नव्हते. बांधकामाची कंत्राटे घेणारे उद्योजक होते. तेव्हा हा वेष म्हणजे विचारपूर्वक केलेला युक्तिवाद होता. आपल्या भाषणात त्यांनी ड्यूकला सांगितले ते थोडक्यात असे, की या दालनात जमलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी प्रजा पाहायची तर खेड्यांत जा, आणि तिला शिक्षण हवे आहे हे आपल्या मातोश्रींना कळवा. हेच जोतीराव १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याच्या ठरावाविरुद्ध एकटे उभे राहिले होते. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे होते. राजपुत्राशी बोलावे, पण आपल्या लोकांच्या कामाचे बोलावे, अशी ही रीत. ब्राह्मणेतर चळवळीचा राजघराण्याशी आलेला संबंध असा सुरू होतो, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

दुसरा प्रसंग १८९७चा. पुण्यात प्लेग होता, आणि प्लेगच्या बंदोबस्तासाठी घरात शिरणाऱ्या सोजिरांचा जाचही होता. अशा वेळी राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव आला. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावरील समारंभातून परतताना प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. त्याआधी दहाच दिवस पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला होता, आणि अफझलखानाच्या वधाचे समर्थन करणारी भाषणे त्या उत्सवात झाली होती. १५ जूनच्या 'केसरी'त त्या उत्सवाचा मजकूर छापून आला. त्यावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. शिवाजी महाराजांचे नाव उत्सवात घेणे हा राजद्रोहाचा पुरावा ठरू शकतो, असे १८९७ साली सरकारला वाटत होते.

आता पुढचे साल पाहावे. चोवीस वर्षांनी त्याच शहरात, त्याच राणीचा पणतू त्याच शिवछत्रपतींच्या स्मारकाची कोनशिला बसवतो. सरकारच्या लेखी जे नाव राजद्रोहाचे होते ते राजसमारंभाचे कसे झाले? आमच्या मते विद्यार्थ्यांनी विचारावा असा प्रश्न हा आहे.

एका वारशाचे दोन दावेदार

याचे उत्तर शोधायचे तर शिवछत्रपतींच्या वारशावर महाराष्ट्रात जो दीर्घ दावा चालला होता त्याकडे वळले पाहिजे. १८६९ साली जोतीरावांनी शिवाजी महाराजांवर पवाडा रचला. त्यातला राजा शेतकऱ्यांचा, कष्टकऱ्यांचा आहे. पुढे १८९५च्या सुमारास रायगडावरील समाधीच्या दुरवस्थेची चर्चा सुरू झाली, टिळकांनी 'केसरी'तून जीर्णोद्धारासाठी निधी जमवला, आणि १८९६ साली रायगडावर पहिला मोठा उत्सव झाला. टिळकांच्या उत्सवातला राजा स्वराज्यसंस्थापक होता, परकी सत्तेला आव्हान देणारा होता. दोन्ही प्रतिमा खोट्या नव्हत्या. पण एक प्रतिमा 'राज्य कुणासाठी' असे विचारत होती आणि दुसरी 'राज्य कुणाविरुद्ध' असे विचारत होती.

या दोन प्रश्नांमध्ये वैर असण्याचे काही कारण नव्हते. ते वैर निर्माण केले कोल्हापूरच्या एका पहाटेने. १८९९ साली कार्तिक महिन्यात पंचगंगेवर स्नानाला गेलेल्या शाहू छत्रपतींच्या लक्षात आणून देण्यात आले, की पुरोहित आंघोळ न करता आला आहे आणि वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणतो आहे. छत्रपती शूद्र आहेत, असा त्याचा अर्थ होता. हे प्रकरण वाढत गेले. राजोपाध्यांनी वेदोक्ताला नकार दिला, त्यांची इनामे जप्त झाली. ऑक्टोबर १९०१मध्ये टिळकांनी 'केसरी'त 'वेदोक्ताचे खूळ' या मथळ्याखाली लिहिले, तेव्हा शिवोत्सवाचा प्रवर्तक शिवछत्रपतींच्या गादीवरील पुरुषाच्या विरोधात उभा राहिल्याचे चित्र साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. १६७४ साली खुद्द शिवाजी महाराजांना क्षत्रियत्वाच्या निर्णयासाठी काशीहून गागाभट्टांना आणवावे लागले होते. सव्वादोनशे वर्षांनंतर त्यांच्याच गादीवर तोच प्रश्न पुन्हा लादला जावा, यातला अपमान लक्षात घेतल्याखेरीज शाहू महाराजांच्या पुढच्या कोणत्याही राजकीय कृतीचा अर्थ लागणार नाही. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी आपल्या संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला. १९२० साली त्यांनी स्वतंत्र क्षात्रजगद्गुरूचे पीठ निर्माण केले. या साऱ्या गोष्टींचे धागे त्या पहाटेपर्यंत मागे जातात.

वेदोक्ताच्या वादात अखेर ब्रिटिश सरकारने महाराजांची बाजू ग्राह्य धरली. आमच्या विषयाच्या दृष्टीने हा तपशील निर्णायक आहे. जे मानाचे स्थान स्वजनांनी नाकारले ते परक्या सत्तेने मान्य केले, असा अनुभव एकदा आल्यावर माणूस त्या सत्तेकडे कोणत्या दृष्टीने पाहील? त्या सत्तेचे गुलामीपण त्याला दिसत नाही असे नव्हे. पण त्याच्या घरासमोरची गुलामी त्याला अधिक जवळून दिसते.

महायुद्ध, कौन्सिले आणि स्मारक

अखिल भारतीय श्री शिवाजी स्मारकाची योजना १९१७ साली पुढे आली. शाहू महाराज आणि ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे हे तिचे मुख्य आधारस्तंभ होते. स्मारक पुण्यात व्हायचे होते, आणि जागा ठरली ती भांबुर्ड्याची, म्हणजे आजच्या शिवाजीनगरची. ही निवड साधी नव्हती. पुणे हे पेशव्यांचे शहर, 'केसरी'चे शहर. त्याच्या वेशीवर, मुठेच्या पलीकडच्या काठी, मराठा संस्थानिकांच्या पैशाने शिवछत्रपती उभे राहणार होते. शनिवारवाड्याने झाकलेला इतिहास उघडा करण्याचा हा प्रयत्न होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

काळही तसाच होता. पहिले महायुद्ध चालू होते आणि मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत होत्या. पुण्याचे नाव धारण करणारी सहावी डिव्हिजन कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरणागती पत्करावी लागली. त्या वेढ्यात मराठा पलटणींचे जवान होते. वेढ्यातून वाचलेल्यांपैकी अनेकांचा अंत पुढे तुर्कांच्या कैदेत झाला. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांतून गेलेली ही माणसे बहुतांशी शेतकऱ्यांची मुले होती. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी पुण्यात युवराजाने एक नव्हे, दोन कोनशिला बसवल्या. दुसरी होती मराठा युद्धस्मारकाची. पहिल्या कोनशिलेची चर्चा करताना ही दुसरी आपण विसरतो. ज्या समाजाने साम्राज्यासाठी रक्त दिले, तो समाज त्या रक्ताची पोच मागत होता, आणि पोच म्हणून स्वतःच्या राजाचा गौरव मागत होता.

याच सुमारास राजकीय सुधारणांची चर्चा सुरू झाली होती. कायदेमंडळांत प्रतिनिधी जाणार, तर कुणाचे? १९१७च्या नोव्हेंबरात अथणीच्या सभेत टिळकांनी शेतकरी, शिंपी, वाणी अशा धंदेवाल्या जातींना कायदेमंडळात जाऊन काय करायचे आहे, अशा आशयाचे उद्गार काढल्याचा बोभाटा झाला. त्या उद्गारांच्या अर्थावर पुढे पुष्कळ वाद झाले. परंतु ब्राह्मणेतर पक्षाला त्यांतून जे ऐकू आले त्याने पुढच्या दहा वर्षांचे राजकारण घडवले. १९१९च्या कायद्याने मुंबई कौन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखीव झाल्या. १९२०च्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार टाकला, ब्राह्मणेतरांनी टाकला नाही. श्रीपतराव शिंदे यांचा 'विजयी मराठा' पुण्यातून आणि मुकुंदराव पाटलांचा 'दीनमित्र' नगर जिल्ह्यातल्या तरवडीहून खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचत होते. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांचे निधन झाले. पुण्याच्या राजकारणातला सर्वांत मोठा वृक्ष कोसळला होता, आणि मोकळ्या झालेल्या आकाशाखाली अनेक झाडे एकाच वेळी उंच होऊ पाहत होती.

तीन दिवस

जुलै १९२१मध्ये मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस कमिटीच्या बैठकीने युवराजाच्या स्वागतावर बहिष्काराचा निर्णय घेतला. पंजाबातला अत्याचार आणि खिलाफतीचा विश्वासघात यांचे निवारण झालेले नसताना स्वागत कसले, अशी भूमिका होती. युवराज व्यक्तिशः कुणाचा शत्रू नव्हे, बहिष्कार त्याच्या आगमनामागच्या हेतूवर आहे, असे गांधीजी वारंवार सांगत होते.

१७ नोव्हेंबर १९२१ रोजी सत्तावीस वर्षांचा युवराज एडवर्ड मुंबईत अपोलो बंदरावर उतरला. त्याच्या आईबापांच्या १९११मधील आगमनाचे स्मारक म्हणून तेथे गेटवे ऑफ इंडियाचे बांधकाम अजून चालूच होते. त्याच दिवशी परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींची प्रचंड सभा झाली आणि परदेशी कापडाची होळी पेटली. पण शहर दोन सभांत नीटनेटके विभागले गेले नाही. स्वागताला गेलेले पारशी, ख्रिस्ती, ज्यू आणि अँग्लो-इंडियन लोक परतताना जमावाच्या हाती सापडले. त्यांच्या टोप्या हिसकावल्या गेल्या, मारहाण झाली, दारूची दुकाने पेटवली गेली, ट्रामगाड्यांवर दगड पडले. दुसऱ्या दिवशी प्रतिहल्ले सुरू झाले आणि खादीची टोपी घालणारा पारशी वस्तीत सुरक्षित राहिला नाही. पोलिसांचा आणि लष्कराचा गोळीबार झाला. दंगल शमेपर्यंत पन्नासहून अधिक माणसे मेली आणि सुमारे चारशे जखमी झाली.

१९ नोव्हेंबरला गांधीजींनी मुंबईत शांततेसाठी उपोषण आरंभले. ते २२ तारखेला सुटले, आणि बारडोलीचा नियोजित सामुदायिक कायदेभंग त्यांनी पुढे ढकलला. त्याच १९ नोव्हेंबरला पुण्यात भांबुर्ड्याच्या माळावर युवराजाने शिवस्मारकाची कोनशिला बसवली. शाहू महाराजांनी पुढाकार घेऊन घडवून आणलेला हा समारंभ ठरल्याप्रमाणे पार पडला. युवराजाने शिवछत्रपतींचा गौरव केला. इंग्लंडच्या गादीचा वारस त्यांना वंदन करतो, हे दृश्य महाराजांना आपल्या प्रजेला आणि पुण्यालाही दाखवायचे होते.

मुंबई आणि पुणे यांच्यात रेल्वेने तेव्हा अवघ्या काही तासांचे अंतर होते. एका टोकाला प्रेते उचलली जात होती, दुसऱ्या टोकाला कोनशिलेवर चुना चढत होता. या दोन दृश्यांपैकी एकाच दृश्याची आठवण ठेवणे आपल्याला सोपे जाते, आणि आपण तेच केले आहे. राष्ट्रीय इतिहासाने पुण्याचे दृश्य गाळले. ब्राह्मणेतर चळवळीच्या गौरवगाथेने मुंबईचे दृश्य गाळले. उरलेले दोन्ही अर्धे खोटे नाहीत, म्हणूनच ते इतके दिवस टिकले.

कुणाला काय हवे होते?

सरकारला काय हवे होते, हे सांगायला फारसे पांडित्य लागत नाही. असहकाराच्या भर लाटेत राजनिष्ठेचे एक मोठे प्रदर्शन त्याला हवे होते. शिवाजी हे नाव टिळकपक्षाच्या हातून सुटून संस्थानिकांच्या हाती जावे, यात त्याची सोय होती. १८९७ साली ज्या नावाला ते भ्याले होते त्याच नावाला १९२१ साली त्याने मुजरा केला, कारण मुजरा करणे शिक्षा देण्यापेक्षा स्वस्त पडत होते.

पुण्यातल्या टिळकानुयायांची स्थिती अवघड होती. न. चिं. केळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गांधीजींचा असहकार मनापासून पटला नव्हता. पुढे प्रतियोगी सहकारितेच्या पक्षाने हे उघडच झाले. परंतु काँग्रेसची शिस्त त्यांना बांधत होती. शिवोत्सव ज्यांनी घरोघरी नेला त्यांच्याच शहरात शिवस्मारकाची कोनशिला बसत होती, आणि त्या प्रसंगी बहिष्कारवाद्यांच्या रांगेत उभे राहणे त्यांना भाग होते. उदारमतवाद्यांचा पक्ष तिसरा. त्यांच्यातले रँग्लर परांजपे त्या वेळी मुंबई सरकारात शिक्षणमंत्री होते. द्विदल राज्यपद्धतीत सामील झालेल्यांना युवराजाच्या स्वागताचे वावडे असण्याचे कारण नव्हते.

आणि ब्राह्मणेतर पक्ष? त्याला राखीव जागा हव्या होत्या, शाळा हव्या होत्या, नोकऱ्या हव्या होत्या, हे खरेच. पण या समारंभात त्याला याहून सूक्ष्म असे काहीतरी हवे होते. धर्मपीठाने जो मान नाकारला तो राजपीठाकडून मिळवणे, आणि तोही स्वतःच्या पूर्वजाच्या नावाने, असा तो हेतू आम्हांला दिसतो. त्या अर्थी १९२१ची कोनशिला हे १८९९च्या पंचगंगेवरील स्नानाचे उत्तर होते. गागाभट्टांच्या जागी या वेळी युवराज होता, एवढेच.

येथे एका माणसाचे स्मरण करणे आवश्यक आहे, कारण त्याच्यामुळे हा प्रश्न दोन पारड्यांत मावेनासा होतो. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे मराठा होते, अस्पृश्यतानिवारणाच्या कार्याला त्यांनी आयुष्य वाहिले होते, आणि तरीही ते राष्ट्रीय चळवळीच्या बाजूला होते. १९१७ साली त्यांनी पुण्यात राष्ट्रीय मराठा संघ स्थापन केला. १९२०च्या निवडणुकीत मराठ्यांसाठी राखीव असलेल्या जागेकडे न वळता ते सर्वसाधारण जागेवर उभे राहिले आणि पडले. ब्राह्मणेतरांना ते टिळकांच्या कच्छपी लागलेले वाटले, सनातन्यांना ते बाटगे वाटले. जातीचा न्याय आणि देशाचे स्वातंत्र्य हे दोन्ही एका हातात धरता येतात, असे मानणारा मनुष्य त्या काळी पुण्यात होता, आणि त्याला दोन्ही घरांचे दरवाजे अर्धेच उघडे होते. त्याच्या पराभवात त्या काळाची खरी अडचण दिसते.

दगडानंतरचे दगड

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज मुंबईत निवर्तले. कोनशिला बसून सहा महिनेही झाले नव्हते. माधवराव शिंदे १९२५मध्ये गेले. स्मारक रेंगाळले, पण पुण्यातले पुतळ्यांचे राजकारण रेंगाळले नाही. १९२४ साली रे मार्केटमध्ये टिळकांचा पुतळा उभा राहिला आणि मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. ब्राह्मणेतर पक्षाने त्याला विरोध केला होता. पुढच्याच वर्षी केशवराव जेधे यांनी जोतीरावांच्या पुतळ्याची मागणी नगरपालिकेपुढे आणली आणि ती फेटाळली गेली. त्याच गदारोळात दिनकरराव जवळकरांचे 'देशाचे दुश्मन' प्रसिद्ध झाले. चिपळूणकर आणि टिळक यांच्यावरचा तो जहाल हल्ला वाचताना आजही हात पोळतो. लेखकावर व त्याच्या सहकाऱ्यांवर खटला झाला, खाली शिक्षा झाली, आणि अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वकिली करून त्यांना सोडवले. गणेशोत्सवात छत्रपती मेळे आणि सन्मित्र मेळे एकमेकांवर पदांतून तुटून पडत होते, तेही याच वर्षांत.

शिवस्मारकाच्या पुतळ्याचे अनावरण अखेर १६ जून १९२८ रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते झाले. आणि त्यानंतर दोनच वर्षांत, १९३०च्या कायदेभंगाच्या वेळी, छत्रपती मेळ्याचे अध्वर्यू केशवराव जेधे काँग्रेसमध्ये आले. बहुजन समाज त्यांच्यामागून काँग्रेसमध्ये येऊ लागला, आणि महाराष्ट्र काँग्रेसची सूत्रे यथावकाश त्याच समाजाच्या हाती गेली. १९२१ साली ज्यांना हस्तक म्हटले गेले त्यांच्याच फळीतून स्वातंत्र्यलढ्याचे पुढारी निघाले. याचा अर्थ ते १९२१ साली चुकले होते आणि १९३० साली सुधारले, असा आम्ही करत नाही. १९३०पर्यंत काँग्रेसही बदलली होती, तिला खेड्यांची गरज पडली होती, आणि दार आतून उघडले गेले होते.

विद्यार्थ्याला द्यायचे उत्तर

तर मग त्या विद्यार्थ्याला काय सांगावे? हस्तक म्हणजे दुसऱ्याच्या हेतूसाठी वापरला जाणारा हात. १९ नोव्हेंबरच्या समारंभात सरकारने शाहू महाराजांना वापरले, हे आम्ही नाकारणार नाही. पण महाराजांनीही सरकारला वापरले, आणि वापरले ते एका अशा अपमानाच्या निवारणासाठी, ज्याचे निवारण करण्याची इच्छा राष्ट्रीय म्हणवणाऱ्या पक्षाने वेळेवर दाखवली नव्हती. ज्या राष्ट्राच्या नावाने बहिष्कार मागायचा, त्या राष्ट्रात आपल्याला कोणती जागा आहे, असे कुणी विचारले तर त्याला द्रोह म्हणता येत नाही.

मात्र आमचे उत्तर येथेच थांबले तर तेही गुळमुळीतच ठरेल. त्या समारंभाला किंमत होती, आणि ती मोजली पाहिजे. जालियनवाला बागेला तेव्हा अडीच वर्षे झाली होती. ज्या राजवटीने तो गोळीबार केला तिच्या वारसाचे हात शिवछत्रपतींच्या स्मारकाला लागले. जोतीरावांनी १८८८ साली राजपुत्राशी बोलताना शेतकऱ्याचा वेष घातला होता आणि त्याला शाळा मागितल्या होत्या. १९२१ साली राजपुत्राकडून मान मागितला गेला, आणि तो संस्थानिकांच्या पोशाखात मागितला गेला. मान ही लहान गोष्ट नव्हे. ज्यांना तो कधी नाकारला गेला नाही त्यांनी तिला लहान म्हणू नये. तरीही जोतीरावांच्या मागणीपेक्षा ही मागणी राज्यकर्त्याला पुरी करायला कितीतरी सोपी होती. एक दगड बसवला की ती पुरी होत होती. शाहू महाराजांनी स्वतःच्या संस्थानात शाळा काढल्या, वसतिगृहे काढली, प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्यांचे हे काम कोनशिलेहून मोठे आहे आणि त्यासाठी त्यांना कोणत्याही युवराजाची गरज लागली नाही.

युवराजाचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. १९३६ साली तो आठवा एडवर्ड म्हणून राजा झाला आणि त्याच वर्षी त्याने गादी सोडली. त्याच्या बापाने युवराज असताना १९०५ साली मुंबईत ज्या संग्रहालयाची कोनशिला बसवली, त्याला आज छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे. पुण्यात टिळकांचा पुतळा ज्या मंडईत आहे तिला आज महात्मा फुले मंडई म्हणतात, आणि भाजी घ्यायला जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना या शेजाराचे आश्चर्य वाटते. नावे बदलली, भांडणे मागे पडली असे दिसते. पण आमच्या वर्गातल्या त्या दोन कोपऱ्यांतून दरवर्षी येणारे दोन प्रश्न सांगतात, की ती मागे पडलेली नाहीत. पुढच्या वर्षी तो विषय निघेल तेव्हा आम्ही पंचगिरी करणार नाही. मुलांना घेऊन शिवाजीनगरला जाऊ, पुतळ्यासमोर उभे राहू, आणि १८८८, १८९७, १९२१ ही तीन साले त्यांच्यापुढे मांडू. उत्तर त्यांनी द्यावे. फक्त तिन्ही साले हिशेबात धरून द्यावे, एवढीच आमची अट राहील.